तिसरी पाटी

अर्थसंकल्प मांडला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोल्हापुरात माझं व्याख्यान ठरलेलं असायचं. नव्वदच्या दशकात ही रीतच पडली होती. व्यापारी, कारखानदार, बँकेतली माणसं, निवृत्त शिक्षक सभागृह भरून यायचे आणि कॉमर्स शिकवणारा एखादा प्राध्यापक त्यांना काय महागलं, काय स्वस्त झालं आणि दिल्लीच्या मनात काय आहे ते समजावून सांगायचा. आमच्याकडं तो प्राध्यापक मी होतो. सर अवघड गोष्ट सोपी करून सांगतात, असं लोक म्हणायचे. माझे हात मात्र कापायचे. स्टेजवर पाण्याचा पेला मी कधी उचलला नाही. लोकांना वाटायचं, सर लाजरे आहेत.

लाजरा मी आहेच. पण हात त्यामुळं कापत नव्हते. उभा राहिलो की मी आधी पुढच्या रांगा बघायचो, एक्साइजच्या कर खात्यातलं कुणी आलंय का. मग मागच्या रांगा बघायचो, आमचे प्राचार्य आलेत का. या दोघांपैकी एकालाही माझ्याबद्दलची एक गोष्ट कळली असती, तर माझी नोकरी आणि माझ्या दाजींचं शेड एकदमच धोक्यात आलं असतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही नेसरीकडचे. बारावीनंतर मला कोल्हापूरला आणलं ते त्यांनी. दुसऱ्याच्या लेथ मशीनवर राबत राबत त्यांनी उद्यमनगरात स्वतःचं शेड उभं केलं होतं. ऑइल इंजिनचे सुटे भाग तिथं तयार व्हायचे. माझी फी त्यांनी भरली, चपला त्यांनी घेतल्या, आणि एम. कॉम. होईपर्यंत मी ताईच्या हातचं जेवलो.

एम. कॉम. होऊन बेकार बसलो होतो तेव्हा एकदा सकाळी दाजींनी न्याहारीच्या ताटाशेजारी कागद ठेवले.

"तुझ्या नावावर एक फर्म काढतोय. सही कर."

"मला त्यातलं काय येतंय, दाजी?"

"यायला कशाला पायजे? नाव तुजं, घाम माजा. नफा झाला की दिवाळीला कापडं घ्यायची."

ताई तव्यापासून म्हणाली, "बघ की! बसल्या जागी मालक झालास."

मी सही केली. तेव्हापासून दाजी मला मालक म्हणायला लागले. "या मालक." "मालक, जरा सरका, लोखंड जातंय." कामगार हसायचे. मीही हसायचो.

यात विशेष काही नव्हतं. त्या भागात एकेका शेडाबाहेर दोन-दोन, तीन-तीन पाट्या असायच्या. कारखान्यातून माल बाहेर पडताना सरकारचा जो कर बसायचा, त्याला सगळे एक्साइज म्हणत. वर्षभरात ठरावीक रकमेच्या आत माल विकणाऱ्या लहान कारखान्याला तो माफ होता. कारखाना वाढला, रक्कम ओलांडली, की कर सुरू. मग माणसं काय करायची? कारखाना वाढवायची, पण कागदावर त्याचे तुकडे करायची. एक तुकडा स्वतःच्या नावावर, एक बायकोच्या, एक भावाच्या किंवा मेहुण्याच्या. दाजींच्या शेडात छातीएवढ्या उंचीच्या दोन भिंती घातल्या होत्या. विजेचे मीटर तीन, शिक्के तीन, बाहेर पाट्या तीन. पहिली दाजींच्या फर्मची, दुसरी ताईच्या, तिसरी माझ्या. कामगार मात्र त्या भिंतींच्या फटीतून दिवसभर इकडून तिकडं जायचे आणि सगळ्यांचा पगार दाजी एकाच खुर्चीत बसून करायचे.

पुढं मला अनुदानित कॉलेजात नोकरी लागली. अशा नोकरीत स्वतःचा धंदा करता येत नाही. माझा कसलाही धंदा नाही, असं मी रुजू होताना लिहून दिलं होतं. दाजींना म्हटलं, आता माझं नाव काढा.

"काढू की. गडबड काय हाय?"

पुन्हा एकदा म्हटलं. मग म्हणायचं सोडून दिलं. ज्यांचं मीठ खाल्लं त्यांना किती वेळा टोकायचं, असं मी मनाला सांगायचो. पण खरं सांगायचं तर दिवाळीचे कपडे येत होते आणि मी ते घालत होतो. उद्यमनगरातून जाताना मात्र त्या पाटीकडं मान वळवायचो नाही. कुणी ओळखीचा सायकलवरून हाक मारायचा, तर ऐकू न आल्यासारखं पुढं निघायचो.

आता जे सांगणार आहे ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.

मी करसुधारणेच्या बाजूचा होतो, आणि मनापासून होतो. दर कमी ठेवा, सवलती काढून टाका, सगळ्यांकडून थोडा-थोडा घ्या, कच्च्या मालावर भरलेला कर पुढं वजा करू द्या. त्या वर्षांत हे नवं वारं होतं आणि मला ते पटलं होतं. पुस्तकातून नव्हे, दाजींच्या शेडातून. एका मोठ्या ऑर्डरसाठी त्यांना मोठं, महागडं मशीन घ्यायचं होतं. गडमुडशिंगीला त्यांनी त्यासाठी जागाही घेऊन ठेवली होती. पण ते मशीन कुठल्या पाटीखाली बसवायचं? कुठल्याही एका फर्मवर चढवलं की ती फर्म मर्यादेबाहेर जाणार. म्हणून ते तीन लहान मशीनं चालवत राहिले. ज्या सवलतीनं त्यांना जगवलं, तीच त्यांना वाढू देत नव्हती. हे मला दिसत होतं, आणि दिसलेलं सांगावं असं वाटत होतं.

संधीही आली. स्थानिक कारखानदारांच्या एका मंडळानं अर्थसंकल्पाआधी दिल्लीला सूचना पाठवायचं ठरवलं आणि मसुदा माझ्याकडं दिला. मी महिनाभर राबून तो लिहिला. लहान उद्योगांची करमाफी हळूहळू काढावी आणि त्या बदल्यात सगळ्यांसाठी एकच कमी दर ठेवावा, अशी त्यात मुख्य सूचना होती. मसुदा सभेत वाचायचा होता. नुसते मुद्दे वाचले तर लोक जांभया देणार, हे मला माहीत होतं. एखादं चटकदार उदाहरण हवं होतं.

दाजींच्या शेडात खंडेनवमीला मशीनं धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घालत, हळदकुंकू वाहत. त्या दिवशी मशीन चालवायचं नाही. कामगारांनी एकदा दाजींना विचारलं होतं, कागदावर तीन फर्म आहेत तर पूजा पण तीन करायच्या का? दाजी चिडले होते. "एका घरात तीन गणपती बसवत्यात व्हय रं? नारळ एकच फुटनार." मी ते ऐकलं होतं आणि मला त्याचं फार हसू आलं होतं.

सभेत मी म्हणालो, "एका शेडात खरोखर किती कारखाने आहेत ते पाट्या मोजून कळत नाही. खंडेनवमीला जा आणि नारळ मोजा. पाट्या तीन असतील, नारळ एकच असेल."

सभागृह हसून लोटपोट झालं. तिथल्या निम्म्या लोकांच्या शेडाबाहेर जास्तीच्या पाट्या होत्या, तेच जास्त हसले. पुढच्या रांगेत एक माणूस मात्र हसत नव्हता. तो लिहून घेत होता.

सभा संपल्यावर तो भेटायला आला. "मी एक्साइजमध्ये आहे, सर. नारळाचं उदाहरण फार आवडलं. कुठल्या शेडातलं हो?"

"ऐकीव आहे," मी म्हणालो. "असंच कुणीतरी सांगितलेलं."

"असं होय," तो म्हणाला आणि माझा हात हातात घेऊन दाबला.

पुढचे काही महिने भीतीचे गेले आणि मग भीती जरा पातळ झाली. त्यानं काय विचारलं आणि मी काय सांगितलं, हे मी दाजींना कळवायला हवं होतं. नवरात्र जवळ आलं तेव्हा तर सांगायला हवंच होतं. यंदा तीन नारळ फोडा किंवा दोन पाट्या उतरवा, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण सांगायचं तर ते वाक्य मी सभेत बोललो हेही सांगावं लागलं असतं. ते मला जमलं नाही.

खंडेनवमीला मी नेहमीसारखा शेडात गेलो. बायका दुपारी दर्शनाला येत, त्यामुळं ताई घरी पुरणाच्या स्वयंपाकात होती. मोठ्या लेथपुढं पाट मांडला होता. कामगार धुतलेले सदरे घालून उभे. दाजी नारळाच्या शेंड्या सोलत होते.

"या मालक! तुमच्याबिगर पूजा आडलीया."

मी चपला काढत होतो. एवढ्यात फाटकातून दोन माणसं आत आली. साधे कपडे, हातात काही नाही. त्या दिवशी कुणाच्याही शेडात कुणीही जातं, प्रसाद घेतं. दाजींनी त्यांना मोठ्यानं बोलावलं, "या पावणं, या. चपला तितंच काढा."

त्यांतला एक तो होता, सभेत लिहून घेणारा.

त्याला मी दिसलो आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, सर! तुम्ही इथं?"

मी दाजींकडं बघितलं. दाजींनी माझ्याकडं बघितलं, त्या माणसाकडं बघितलं, आणि माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे, त्यांनीच उत्तर दिलं.

"सर व्हय? कॉलेजातलं सर हायत की. पोरांना शेड दावायला आनत्यात कधीमधी. आज दर्शनाला आल्यात."

"आम्ही एक्साइजचे," तो माणूस हसत म्हणाला. "खरं सांगायचं तर सरांमुळंच आलोय. सरांनी भाषणात सांगितलं होतं, कारखाने मोजायचे असतील तर खंडेनवमीला नारळ मोजा. म्हटलं, यंदा फिरून बघू या. सकाळपासून बरीच शेडं झाली."

दाजींच्या हातात तो सोललेला नारळ होता. कोपऱ्यात आणखी नारळ पडले होते, घरी न्यायचे म्हणून आणलेले. एका पोराला खूण केली असती तर ते दुसऱ्या दोन मशीनांपुढं मांडता आले असते. एका कामगाराचे डोळे तिकडं वळलेही. दाजींनी मान हलवून त्याला नको म्हटलं.

"देवाम्होरं खोटं करायचं न्हाई," ते म्हणाले. कुणाला उद्देशून म्हणाले, कळलं नाही.

त्यांनी एकच नारळ फोडला. आरती झाली. मीही टाळ्या वाजवत उभा होतो. मग त्यांनी त्या दोघांना प्रसाद दिला, कामगारांना दिला, आणि शेवटी माझ्यापुढं आले. खोबऱ्याचा तुकडा आणि चिरमुरे माझ्या हातावर ठेवले.

"घ्या सर."

एवढंच. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी प्रसाद घेतला, कपाळाला लावला, चपला घातल्या आणि बाहेर पडलो. मागं तो माणूस दाजींना विचारत होता, "या तीन फर्मचे मालक कोण कोण?"

मी थांबलो नाही.

पुढं काय काय झालं ते मला ताईकडून कळत गेलं. कागदपत्रं नेली. दाजींना दोनदा बोलावलं. तिन्ही फर्म एकच धरून मागच्या वर्षांचा कर आणि वर दंड लावायचं ठरलं. मी ताईकडं जायचं टाळू लागलो. कॉलेजात पोस्टमन दिसला की वर्गात शिरायचो. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं की जिन्यात क्षणभर उभं राहून श्वास घ्यायचो. ते परीक्षेच्या कामासाठी बोलावत असायचे.

मग एक दिवस शिपाई सांगायला आला, "सर, फोन हाय."

फोन स्टाफरूममध्ये होता. चार-पाच सहकारी चहा पीत बसले होते.

"सर, मी एक्साइजमधला," पलीकडून आवाज आला. "एक विचारायचं होतं. तिसऱ्या फर्मवर तुमचं नाव आहे. ते तुमचे दाजी आहेत म्हणे. त्या दिवशी तुम्ही बोलला नाहीत."

मी भिंतीकडं तोंड केलं. "लाज वाटली," मी म्हणालो. "आपल्याच माणसाचं असलं काम..."

हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. ते आपोआप आलं. माझ्या आयुष्यात मी बोललेल्या वाक्यांमध्ये हे सगळ्यात वाईट आहे.

"समजू शकतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात माझ्याबद्दल आदर होता. "त्यांनी लिहून दिलंय, मेहुण्याला काहीच माहीत नाही, त्याची सही मीच केली. हे खरं आहे ना?"

ती सही माझी होती. न्याहारीच्या ताटाशेजारी, ताई बघत असताना केलेली.

"हो," मी म्हणालो. "मला काहीच माहीत नाही."

"मलाही तेच वाटलं होतं. सहीचा मुद्दा आम्ही फार ताणत नाही, सर. तुम्ही काळजी करू नका."

मी रिसीव्हर ठेवला. एका सहकाऱ्यानं विचारलं, "घरचं काही?" मी म्हणालो, "नाही, बँकेचं."

दाजींनी गडमुडशिंगीची जागा विकली. दोन लेथ विकल्या. मोठ्या मशीनचं नाव पुन्हा निघालं नाही. ताईच्या पाटल्या मोडल्या. भिंती पाडल्या आणि दोन पाट्या उतरवल्या. शेडात आता जागाच जागा होती आणि त्या जागेत दाजी दोन माणसांना घेऊन दुसऱ्या कारखान्यांचं जॉबवर्क करायचे.

माझं काहीही गेलं नाही. पुढच्या वर्षीही मी अर्थसंकल्पावर बोललो. ते उदाहरण मात्र परत कधी दिलं नाही.

मला वाटायचं, दाजी एक दिवस बोलतील. सणाला ताईकडं जावंच लागायचं, आणि प्रत्येक वेळी जिना चढताना वाटायचं, आज बोलतील. ते बोलले नाहीत. बोलली ती ताई. मला नाही, त्यांना.

"तीन पाट्या!" ती भाकरी ताटात टाकत म्हणायची. "एकीनं पोट भरत न्हवतं. हाव सुटली हुती हाव. माज्या भावाचं नाव बी त्यात घातलं, त्येची नोकरी जायची वेळ आनली. आनि वर खोटी सही!"

आपल्यासमोर झालेली सही तिच्या लक्षात नव्हती का? कधीतरी मी हा विचार केला आहे. तिनं घरात कितीतरी कागदांवर सह्या होताना बघितल्या होत्या. आणि नवऱ्यानं सरकारला स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं. त्यापुढं तिची आठवण तिलाच खरी वाटली नसेल. दाजी भाकरी मोडून खात राहायचे. मीही खात राहायचो. एकदा तर त्यांनी चटणीची वाटी माझ्याकडं सरकवली.

हळूहळू ताईनं त्यांना "अवो" म्हणणं सोडलं. हाक मारणंच सोडलं. "त्यास्नी सांग, जेवायला वाढलंय," असं ती मला, मी नसलो तर पोरांना सांगायची, आणि दाजी शेजारच्याच खोलीत असायचे. शेडातून येऊन ते आता बाहेरच्या खोलीत एकटेच बसायचे. जिच्यापुढं ते तोऱ्यात वागायचे, तिनंच त्यांना घरात हलकं केलं होतं. आणि तो सहीचा आरोप खोटा आहे हे जगात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

काही वर्षांनी सरकारनं लहान कारखान्यांच्या करमाफीची मर्यादाच वाढवली. काढून टाका असं मी लिहिलं होतं, ती वाढवली. माझा मसुदा दिल्लीत कुणी उघडला होता की नाही, देव जाणे. त्या वर्षी ती बातमी मीच स्टेजवरून सांगितली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र मनातल्या मनात दाजींचं जुनं शेड त्या नव्या मर्यादेत कितपत बसलं असतं, तेच दिसत होतं.

मग विक्रीकराच्या जागी व्हॅट आला. व्यापाऱ्यांनी आधी दुकानं बंद ठेवली, मोर्चे निघाले, आणि वातावरण निवळल्यावर मला समजावून सांगायला बोलावलं. मी सांगितलं. विकलेल्या मालावरचा कर, खरेदीवरचा कर, त्यातली वजावट. प्रश्नोत्तरांत एक तरुण दुकानदार तावातावानं उठला.

"सर, एक इचारू? राग मानू नका. तुमी स्वतः कधी धंदा केलाय का?"

लोक हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "नाही बाबा. पगारी माणूस मी."

ते नाही इतक्या सहज आलं की मला माझीच भीती वाटली. याआधीची सगळी भीती दुसऱ्यांची होती. कुणाला कळेल, कोण विचारेल, अशी. ही वेगळी होती. मला वाटलं, आणखी थोडे दिवस गेले की हे मलाच खरं वाटायला लागेल.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर थेट शेडात गेलो. दाजी लेथवर वाकले होते. मला बघून त्यांनी मशीन बंद केलं. मी उभ्या-उभ्याच सांगितलं. फोनचं सांगितलं, लाज वाटली म्हणालो ते सांगितलं, सहीचं सांगितलं. फोनचं त्यांना माहीत नव्हतं. ते चिंधीनं हात पुसत ऐकत राहिले.

"सहीचं बरूबर केलंस," ते शेवटी म्हणाले. "मी लिवून दिल्यालं. सही माजी हाय म्हटला असतास, तर मी खोटा पडलो असतो आनि तुजी नोकरी बी गेली असती. दोगं बुडून काय फायदा हुता?"

"दाजी..."

"थांब. त्येचं मला कायबी न्हाई." ते स्टुलावर बसले. "पर घरातली गोष्ट चारचौघांत सांगून हसवायची काय गरज पडली हुती रं? मला येऊन म्हनायचं हुतंस, दाजी, असं असं बोलून बसलो. मी पाट्या काढल्या असत्या. एका दिसाचं काम हुतं."

त्यांनी चिंधी लेथवर टाकली.

"लोक हसली व्हय?"

"हसली."

"लई?"

"लई."

त्यांनी मान हलवली. मग बाहेरच्या रस्त्याकडं बघत म्हणाले, "आता घरी जा आनि तिला सांग. मी न्हाई सांगनार. मी सांगितलं तर म्हनंल, माज्या भावावर ढकलतोय."

"ती मला घरात घेणार नाही, दाजी."

"न्हाई घेतलं तर न्हाई," ते म्हणाले. "मी बी घरातच हाय की, एवढी वरसं."

शेडापासून घर लांब नव्हतं. मी पायी गेलो, आणि मला वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. ताई दारातच डाळ निवडत बसली होती. मी तिच्यापुढं जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं, नारळापासून. सही माझी होती, तुझ्यासमोर केली होती, हेही सांगितलं. डाळीतले खडे वेचायचं तिनं थांबवलं नाही. सांगून झाल्यावर तिनं सूप उचललं, आत गेली आणि दाराला कडी घातली.

मी बाहेर उभा राहिलो. थोड्या वेळानं दाजी आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, कडी वाजवली. दार उघडलं, ते आत गेले, आणि दार पुन्हा लागलं. आतून ताईचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. रडत होती की भांडत होती, तेही कळत नव्हतं. मी निघालो.

त्या वर्षी भाऊबीजेला तिनं मला बोलावलं नाही. पुढच्या वर्षी सकाळी दाजींचा फोन आला.

"ये की आज. ती ववाळायची न्हाई म्हनती. पर जेवून जा."

मी गेलो. पाट मांडलेला नव्हता, निरांजन नव्हतं. तिनं माझ्या ताटात वाढलं, माझ्याकडं न बघता. काय हवं, नको, विचारलं नाही. दाजी त्यांच्या ताटावर बसून तिच्याशी बोलत होते, कुठलं तरी गावाकडचं लग्न, कुणी कुणाला निरोप दिला नाही. ती तव्यापासून वळली आणि म्हणाली, "अवो, आदी जेवा, मग सांगा."

दाजी जेवायला लागले.